काढता येतं, पण काढतो कोण?

ऐकलंत का? आता ट्रॅक्टरलाही ऊन लागायला लागलं म्हणे! माणसं उन्हात, बैल उन्हात, दारातलं कुत्रं उन्हात, आणि चोवीस हॉर्सपॉवरचा एवढासा ट्रॅक्टर मात्र डोक्यावर छत्र धरून गावातून मिरवतोय. काय म्हणायचं याला? कलियुग, की नुसताच एप्रिल?

कालपरवापर्यंत निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराचा उन्हावरचा इलाज ठरलेला होता. डोक्याला टोपी, टोपीवर पंचा, तोंडाला रुमाल आणि पाण्याच्या बाटलीला ओलं गोणपाट. एवढ्यावर बापजाद्यांनी हयात काढली. कुणी कुरकुर केली का? केली असेल, पण ऐकली कुणी? आणि आज पाहा. पिंपळगाव बसवंतपासून विंचुरापर्यंत कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानापुढं पाच मिनिटं उभे राहा. गेटची कामं अर्धवट पडलीत, कुणाच्या जिन्याचं रेलिंग महिनाभर भिंतीला टेकून उभं आहे, आणि दुकानदार काय करतोय? तर छोट्या ट्रॅक्टरच्या मडगार्डावर गुडघे टेकून मेजर टेपनं आभाळ मोजतोय! खाली मालक दोन्ही हात पसरून सांगतोय, "एवढं रुंद घ्या. पण मांडवाच्या अँगलला घासायला नको. आणि हो, काढता आलं पाहिजे बरं का."

काढता आलं पाहिजे! या तीन शब्दांवर अख्खं खूळ उभं आहे. मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांना काय, बाजारात तयार हूड मिळतं. आणलं, चार बोल्ट आवळले, वर शेतकरी राजाचा स्टिकर मारला की संपलं. पण द्राक्षवाल्याचा ट्रॅक्टर छोटा का? तर त्याला मांडवाखाली शिरायचं असतं. मांडवाच्या तारा डोक्यापासून हातभर वर, त्यांना लटकलेले घड आणखी खाली. तिथं तुम्ही डोक्यावर दीड वीत छत चढवून घुसलात, तर बाहेर येताना छतात द्राक्षं असतील आणि घरात भांडण. म्हणून बागेत शिरताना छत काढायचं, बाहेर पडलं की चढवायचं. कागदावर किती शहाणपणाचं वाटतं नाही? घरातल्या थोरल्यांना पटतं, वहिनींना पटतं, सोसायटीच्या सचिवालाही पटतं. पैसे सुटतात.

आणि एकदा का ते चढलं, की नंतर कुणी उतरवताना दिसलंय का? सांगा, शपथेवर सांगा!

आता यातली गंमत बघा. उन्हाचा कहर कधी? एप्रिल-मे. त्याच वेळी खरडछाटणी झालेली असते. म्हणजे जो मांडव एरवी गर्द सावली देतो, तो ऐन उन्हात काही दिवस पानाविना उघडाबोडका. वरून सूर्य, खालून तापलेली माती, आणि मधे शेणखताची ट्रॉली घेऊन आपण. छत नको असं कोण म्हणेल? तेव्हा घडही नाहीत आणि पानंही फारशी नाहीत, बागेत छत घेऊन गेलं तरी फारसं बिघडत नाही. मग पावसाळा येतो, तेव्हा "पावसात असू द्या". घडांसाठीची गोडी छाटणी होते, तेव्हा "आत्ता कुठं फुटवे आलेत, असू द्या". आणि घड भरले की एक दिवस करकचून आवाज येतो, आणि मग कळतं की छताच्या पिना गंजून आत चिकटल्यात. मारा हातोडी!

पिनांवरून आठवलं. या खुळानं आपल्या लोकांना केवढं इंजिनिअर करून सोडलंय! ज्यांना घरातल्या नळाचा वॉशर बदलायचा म्हटलं की कंबर धरते, ते आता चौकात उभे राहून सोळा गेज की चौदा गेज यावर तावातावानं बोलतात. एक इंची चौकोनी पाईप, सोळा गेज, वीस फुटांची लांबी साधारण सव्वासात किलो भरते. चार खांब आणि वरची चौकट धरून दोन लांब्यांहून थोडा जास्त पाईप लागतो. म्हणजे सोळा किलो झाले. वर पत्रा टाकला की आणखी सहा-सात. बावीस-तेवीस किलोंचं हे प्रकरण एकट्यानं ट्रॅक्टरवरून उचलायचं, तेही सकाळी सहाला, बागेच्या तोंडाशी, कंबरेला पट्टा बांधून! मग दुसरा माणूस लागतो. दुसरा माणूस म्हणजे कोण? बायको. आणि तिनं एकदाच विचारायचं असतं, "काढता येतं ना? मग काढा की!"

पत्र्याचे तर वेगळेच चोचले. हौसेनं पत्रा ठोकला, पहिल्याच दुपारी कळलं की वरचं ऊन अडलं, पण तापलेला पत्राच आता डोक्यावर शेकायला लागला. म्हणून त्याला आतून थर्माकोल. थर्माकोल उडायला लागला म्हणून त्यावर गोणपाट. गोणपाटात घुशीची पिल्लं. आणि एका सिलिंडरच्या इंजिनावर बसवलेला पत्रा जो काही खडखडतो! गावात कोण कुठल्या गल्लीतून निघालं ते आता घरबसल्या समजतं. मग त्याला जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पाचर मारा, खांबाखाली रबर घाला, यू-बोल्ट पुन्हा आवळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण विचारा मालकाला, परवडलं का? "परवडायचं काय त्यात, सावली आहे ना!"

शहाणे असतात ते दुहेरी करतात. खाली ताडपत्री, वर दोन-तीन इंच जागा सोडून पांढरं कापड किंवा शेडनेट. वरचं तापतं, मधून वारा जातो, खालचं थंड राहतं. एवढी साधी गोष्ट, पण ही कुणी सांगितली तर त्याला गावात मास्तर म्हणतात, आणि मास्तर या शब्दाचा अर्थ आपल्याकडं नेहमीच कौतुकाचा असतो असं नाही.

ज्यांना लोखंडाचं ओझं नको, ते पीव्हीसीकडं वळले. ठिबकच्या कामातून उरलेले पाईप घरात असतातच. चार कोपऱ्यांना चार एल्बो, थोडं सोल्युशन, झालं छत तयार! वजनाला फूल. सकाळी बसवलं तेव्हा ताठ, मेमधल्या दुपारी तीनपर्यंत मधोमध असं खाली झुकलेलं की मालक मान वाकडी करून ट्रॅक्टर चालवतोय. लोकांना वाटलं मानदुखी. एका नानांनी तर बाजारात भाजीवाल्याकडं असते तशी भलीमोठी रंगीत छत्री मडगार्डाला क्लॅम्पनं बसवली. दिसायला राजेशाही. ओझरच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ती उलटी झाली आणि नाना ट्रॅक्टरसकट कुठं उडतात की काय अशी धास्ती मागच्या मोटारसायकलवाल्याला पडली. नाना मात्र म्हणतात, छत्री चांगलीच होती, वाराच आडमुठा निघाला.

आणि फ्लेक्स! फ्लेक्सशिवाय महाराष्ट्रात काही पूर्ण होतं का? निवडणूक संपली की लाखमोलाचे चेहरे फुकटात मिळतात. जाड, पाणी न झिरपणारं, टिकाऊ. मग ट्रॅक्टरच्या चौकटीवर ते चेहरे ताणून बसवले जातात, छापील बाजू खाली, कारण पांढरी पाठ वर असली तर ऊन कमी शोषलं जातं. शास्त्र बरोबर आहे हो! पण परिणाम काय? दिवसभर मान वर केली की मावळते उमेदवार हात जोडून आपल्याकडं बघतायत. आश्वासनांतली एक तरी सावली अंगावर पडली, असं म्हणायला जागा झाली. एका वस्तीवर तर एकाच छतात दोन पक्षांचे तुकडे शिवलेत. युती म्हणा, आघाडी म्हणा, शिलाई मात्र पक्की आहे.

बरं, एवढं सगळं करून सावली पडते कुठं? हा प्रश्न कुणी विचारू नये असा गावात अलिखित नियमच झालाय. पण आपण विचारू. मेच्या तिसऱ्या आठवड्यात निफाडात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या शून्य सावलीच्या दिवसांत छताची सावली काटेकोर सीटवर पडते. वा! पण त्या वेळी सीटवर असतं कोण? ड्रायव्हर घरी पंख्याखाली भाकरी खातोय, आणि सीट एकटीच गारव्यात बसलीय. साडेचारला जेवून, झोपून, चहा घेऊन मालक परत येतात, तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वर चौतीस-पस्तीस अंशांवर उतरलेला. साडेतीन फूट उंच छताची सावली आता सीटपासून पाच फूट पूर्वेला. म्हणजे सावली शेजारच्या ओळीतल्या वेलीवर आणि ऊन थेट मालकाच्या कानशिलावर! द्राक्षाच्या वेलीनं काय पुण्य केलं असेल, की तिच्यासाठी माणसानं सोळा किलो लोखंड वाकवावं?

पण हार मानतील ते आपले लोक कसले? लगेच बाजूला पडदे आले. पश्चिमेला गुंडाळता येणारी ताडपत्री, खटक्यानं सुटणारी. मग "सकाळी पूर्वेलाही लागतं की" म्हणून दुसरी बाजू. मग पुढून धूळ येते म्हणून पुढं पारदर्शक प्लास्टिक. मागं औजार बघायला लागतं म्हणून मागं झालर. आता ते नक्की ट्रॅक्टरचं छत आहे की लग्नाची डोली, हे वधूकडच्यांनाही ओळखू येत नाही. एका घरात म्हणे सासूबाईंनी झालरीला लोकरीचे गोंडे लावून दिले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

औषध मारायच्या दिवशीची शोभा तर तिकीट लावून बघावी. मागं ब्लोअर, वर शेडनेट. बोर्डोचा फवारा उडतो, पानावर जेवढा बसतो तेवढाच जाळीत अडकतो, आणि मग अर्ध्या तासानं मोरचूद-चुन्याचं ते निळं पाणी एकेक थेंब होऊन खाली टपकायला लागतं. पांढरा सदरा घालून गेलेला माणूस ओळीच्या दुसऱ्या टोकाला निळ्या ठिपक्यांचा होऊन बाहेर येतो. त्या दिवशी तरी छत काढावं ना? काढता येतं ना? येतं. पण पिना कुणी काढायच्या?

इथपर्यंत ठीक होतं हो. खरी बहार पुढं आहे. छत म्हटलं की मोकळी जागा आली, आणि मोकळी जागा आली की आपल्या माणसाला तिथं काहीतरी बसवल्याशिवाय चैन पडत नाही. आधी बारा व्होल्टचा छोटा पंखा, बॅटरीवर. मग मोबाईलचं स्टँड. मग दोन स्पीकर, कारण कोल्हापूर-सांगलीचे ऊसवाले ट्रॅक्टरवर गाणी वाजवतात आणि आपण काय कमी आहोत? मग एकानं थेट सोलर पॅनलच छत म्हणून बसवलं! साडेसहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद, बावीस किलो. सावलीची सावली, विजेची वीज. गावानं तोंडात बोट घातलं. पण पॅनल आलं कुठून? तर म्हणतात, विहिरीवरच्या सोलर पंपाच्या ताटव्यातून एक कमी झालं, आणि मालिकेतली कडी तुटल्यामुळं मोटार रुसून बसली. विहीर तहानलेली, ट्रॅक्टरवर पंखा गरगर. खरंखोटं देव जाणे. आपण फक्त सांगतोय, म्हणजे तुम्ही पुढं सांगायला मोकळे.

यात एक गोष्ट मात्र दात काढून सांगण्यासारखी नाही. काही छोट्या ट्रॅक्टरना सीटमागं लोखंडी कमान येते, ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून. स्वीडननं 1959 साली नव्या ट्रॅक्टरांना ही कमान सक्तीची केली होती, तिकडचे लोक आपल्यापेक्षा फार भित्रे म्हणून नव्हे, तर उलटणाऱ्या ट्रॅक्टरांखाली माणसं मरत होती म्हणून. आणि आपले वीर काय करतात? छत बसवायला त्याच कमानीला ड्रिलनं भोकं पाडतात, नाहीतर टॅक मारून पट्टी जोडतात! अहो, भोक पाडलेली, वेल्डिंगनं भाजलेली कमान ऐन वेळी कुठं वाकेल याची हमी कोण देणार? यू-बोल्ट आणि रबर लावून आवळा की, कमानीला ओरखडासुद्धा न येता छत बसतं. त्याहून भारी म्हणजे ज्यांच्या ट्रॅक्टरला कमानच नाही, ते घरच्या एक इंची चौकटीकडं बोट दाखवून म्हणतात, "आता उलटला तरी चिंता नाही, वर फ्रेम आहे." कसली फ्रेम? सावलीसाठी ताणलेल्या काड्या त्या! सहाशे-आठशे किलोंचा ट्रॅक्टर त्यांच्यावर पडला तर आधी त्या आडव्या होतील आणि मग बाकीचं. पण सांगणार कोण? सांगितलं तर म्हणतील, जळतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परवानगीविना फेरफार करू देत नाही, हेही चौकातल्या वकिलाला ठाऊक आहे. त्याच्याही ट्रॅक्टरला छत आहे, निळं, झालरीचं. विचारलं तर म्हणतो, "हा फेरफार नाही, हा सुटा भाग आहे. काढता येतो."

आणि जे पहिल्या दिवशी नाक मुरडत होते ते कुठं आहेत? आमच्या पारावरच्या आबांचंच उदाहरण घ्या. पहिलं छत दिसलं तेव्हा पारावर बसून आबा म्हणाले होते, "उन्हाला भ्यायला लागला तो शेतकरी कसला? उद्या बैलांना गॉगल लावा." टाळ्या पडल्या. दोन आठवड्यांनी आबांचा ट्रॅक्टर गॅरेजच्या मागच्या गेटनं निघाला, संध्याकाळी, अंधारात. वर काय? घडीचं! खांबाच्या आत खांब सरकणारं, खाली दाबलं की सीटच्या उंचीला येणारं, आर-पिननं अडकणारं. आबा म्हणाले, नातवानं बळंच बसवलं. नातू पुण्याला हॉस्टेलवर असतो, हे कुणी मुद्दाम बोललं नाही. मोशीच्या किसान प्रदर्शनात आबा डिसेंबरात गेले होते, तिथं ट्रॅक्टरांपेक्षा छतांखाली जास्त उभे होते, हेही बघणाऱ्यांनी बघितलं होतं.

मंडळी आता समर्थनंही काय तयार ठेवतात! "निर्यातीच्या घडाला आपण कागद गुंडाळतो की नाही? सांगोल्याचा डाळिंबवाला झाडाला पांढरं कव्हर घालतो, फळाला ऊन लागू नये म्हणून. मग फळाला कागद, झाडाला कापड, आणि मालकानं मात्र भाजून निघायचं?" आता यावर काय बोलणार? मुद्दा बिनतोड आहे. बागेत निंदायला आलेल्या बायका हे ऐकून पदर पुढं ओढतात आणि एकमेकींकडं बघून हसतात. त्यांच्या डोक्यावर छत कधी येणार, याचं माप अजून कुणी घेतलेलं नाही. त्यातली एक म्हणाली म्हणे, "नाना, तुमचा ट्रॅक्टर जरा इकडं उभा करा, आम्ही चाकाशेजारी बसून भाकरी खातो." नानांनी केला. त्या दिवशी छताची सावली पहिल्यांदा माणसांवर पडली.

आणि खरं सांगू का, ते काढता येतं या गोष्टीचा खरा उपयोग ट्रॅक्टर सोडून बाकी सगळीकडं होतो! लेकीच्या साखरपुड्याला आचाऱ्याच्या चुलीवर कुठलं छत होतं? रस्त्याच्या कडेला रसवंतीच्या पोराला उन्हाळाभर कुणी भाड्यानं दिलं? कांद्याच्या वखारीत रात्री राखण करताना खाटेवर काय उभं केलेलं असतं? लासलगावच्या लिलावात ट्रॉल्यांच्या रांगेत तीन तास थांबायचं तर चार जण एकाच छताखाली पत्ते खेळत बसतात, आणि रांग पुढं सरकली की चौघंही छत उचलून चालायला लागतात. पोरांनी त्याच्यावर क्रिकेटचा स्कोअरबोर्ड टांगला. एका शेळीनं त्याच्याखाली पिल्लं दिली. ते छत परत ट्रॅक्टरवर चढवायचं म्हटलं की शेळीवाली म्हणते, "थांबा की आठवडाभर, ओली बाळंतीण आहे!"

मग ट्रॅक्टरचं काय? ट्रॅक्टर पुन्हा उघडा, मालकाच्या डोक्यावर पुन्हा पंचा, आणि पुढल्या छताचं माप सुरू. या खेपेला ॲल्युमिनियमचं. हलकं, गंजत नाही, एका हातानं उचलतं. वर दुहेरी कापड, पश्चिमेला एकच पडदा, पिनांना ग्रीस. आणि यंदा नक्की काढणार, बागेत शिरायच्या आधी, दर वेळी!

तुम्ही हसताय ना? हसा, हसा. पण खिशात तो मेजर टेप कशाला ठेवलाय, आणि परवा तुमच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डावर खडूच्या चार फुल्या कुणी मारल्या, तेवढं सांगा. वेल्डिंगवाल्याकडं वहीत नावं लिहिलीत, अक्षय तृतीयेपर्यंतची. दुपारी लाईट जाते म्हणून तो आता रात्री काम करतो. तुमचं नाव आमच्या आधी असेल तर एक करा, चौकट सहा इंच जादा रुंद घेऊ नका, नाहीतर तो आमच्यासाठी पाईप संपला म्हणेल.